कीबोर्डची घरघर

३१ ऑगस्ट २०२५, रविवार. संध्याकाळ.

शी!

कॉलनीच्या गणपतीसमोर आज आमच्या स्वरगंधा महिला मंडळाचा कार्यक्रम झाला. म्हणजे इतरांचा झाला. मी कीबोर्डची पिन खोचली आणि दर वर्षीप्रमाणे स्पीकरमधून पिठाची गिरणी सुरू झाली. घर्रर्र. पहिल्या रांगेतल्या बायका कानांवर पदर घेऊन हसल्या. साऊंडवाला स्वप्निल (ज्युनिअर कॉलेजात माझा विद्यार्थी, इंग्रजीत दोनदा नापास) धावत आला. म्हणाला, मॅडम, तुमच्या वायरीतून भल्ली घरघर येऊन राहिली, तुमचं चॅनल जरासं खाली करतो, पण तुमच्या पायाशी हा छोटा स्पीकर ठेवतो ना, त्याच्यात तुमाले फुल्ल ऐकू येईन. टेन्शन नका घेऊ.

छोट्या स्पीकरमध्ये मी मला उत्तम ऐकू आले. जीव ओतून वाजवलं. घरी आल्यावर ह्यांना विचारलं, कसं वाटलं? हे म्हणाले, तू वाजवत होतीस का?

ह्यांना वकिली सोडून इतकी वर्षं झाली, उलटतपासणीची खोड जात नाही.

शेवटचं गाणं मी रागिणीच्या आधी संपवलं. ती गाताना प्रत्येक ओळ पान खाल्ल्यासारखी चघळते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑगस्टीन आम्हाला पियानो शिकवताना लाकडी पट्टीने ठोके मोजायच्या. चार म्हणजे चार. साडेचार झाले की पट्टी बोटांवर. या बायकांना कुणी पट्टी दाखवलेलीच नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी रागिणीचा फोन. रागिणी म्हणजे मंडळाची अध्यक्ष, मुख्य गायिका आणि स्वतःच्या मते अमरावतीचं भूषण. आवाजात इतकी साखर की मला माझी शुगर तपासावीशी वाटली. म्हणे, कुंदाताई, आनंदाची बातमी, १२ ऑक्टोबरला अकोल्याचं बोलावणं आलंय, मोठं सभागृह, तिकीट लावून. मग जरा थांबून म्हणे, तुम्हाला उगाच कशाला त्रास, त्या घरघरीमुळे किती मनस्ताप होतो तुम्हाला, या वेळी आपण ट्रॅक लावू या.

ट्रॅक! म्हणजे परक्या गावात कुणीतरी कधीतरी वाजवून ठेवलेलं संगीत लॅपटॉपमधून सोडायचं आणि त्यावर आपण गायचं. रात्रीची भाजी सकाळी गरम करून पाहुण्यांना वाढायची. किळस आली.

मी विचारलं, अडचण फक्त घरघरीची आहे ना? ती म्हणाली, हो हो, फक्त घरघरीचीच, दुसरं काय असणार? मी म्हटलं, आणि घरघर काढली तर? पलीकडे ती दोनदा खाकरली. मग म्हणाली, तर मग काय, प्रश्नच नाही, तुम्हीच वाजवा.

तिने शब्द दिला. फोन स्पीकरवर होता. हे शेजारी बसून पेपर वाचत होते, साक्षीदार.

संकल्प: घरघर मुळासकट उपटणे.

४ सप्टेंबर, गुरुवार

पुण्याहून शुभंकरचा फोन. मुलगा इंजिनिअर असण्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. त्याने कारण लगेच सांगितलं. स्टेजवर कीबोर्ड, हॉलच्या टोकाला साऊंडवाल्याचा मिक्सर, मध्ये ही लांबलचक वायर. कीबोर्डचा सिग्नल नाजूक. वाटेत विजेच्या वायरींची घरघर त्याला चिकटते. त्यातून कीबोर्डचा प्लग एका बोर्डात आणि मिक्सरचा दुसऱ्याच, त्यामुळे दोन्हीच्या अर्थिंगमध्ये भांडण. उपाय: डीआय बॉक्स. छोटा लोखंडी डबा. कीबोर्डच्या शेजारी ठेवायचा, कीबोर्डची वायर त्यात, त्यातून माइकची वायर मिक्सरला. सिग्नल धट्टाकट्टा होऊन जातो. वर एक बटण असतं, ग्राउंड लिफ्ट. ते दाबलं की अर्थिंगचं भांडण मिटतं.

म्हणजे हे इतकं सोपं आहे! आणि तो स्वप्निल इतकी वर्षं चॅनल खाली करतोय! याला इंग्रजीत नापास केलं ते योग्यच केलं.

शुभंकर म्हणाला, आई, दोन प्रकार असतात, पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह, तू पॅसिव्ह घे.

मी ॲक्टिव्ह मागवला. पॅसिव्ह मी आयुष्यात कधी नव्हते, आता साठी उलटल्यावर सुरू करणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

बॉक्स आला. काळा, जड, पोह्यांच्या डब्याहून लहान. टेबलावर ठेवला की खोलीला गांभीर्य येतं.

रियाज वाढवला आहे. सकाळी न्याहारीनंतर आणि संध्याकाळी चहानंतर. शेजारचे खुशालराव मी वाजवायला बसले की खिडक्या लावून घेतात. डेंग्यूची साथ आहे, शहाणा माणूस. हे त्या वेळी कानातलं मशीन काढून ठेवतात. बॅटरी वाचते म्हणाले. काटकसर चांगलीच.

१४ सप्टेंबर, रविवार

रागिणीच्या गच्चीवर तालीम. स्वप्निल साऊंड घेऊन आला होता. मी सगळ्यांसमोर बॉक्स काढला, थोडक्यात माहिती सांगितली, वायरी जोडल्या.

घरघर गेली. पूर्णपणे.

आवाजही गेला.

स्वप्निल डोकं खाजवत म्हणाला, मॅडम, हा ॲक्टिव्ह हाय, याले मिक्सरमधून करंट द्यावा लागते, अठ्ठेचाळीस व्होल्टचा. आपल्या मिक्सरचं ते बटणच गेलेलं हाय ना. मी म्हटलं, मग दुरुस्त कर. तो म्हणाला, करतो ना, दिवाळीनंतर. तेव्हा रागिणीने असा काही निःश्वास सोडला की कुंडीतली तुळस हलली. म्हणाली, देवाच्या मनात नसेल तर आपण काय करणार, कुंदाताई?

देवाच्या मनात! देव काय मिक्सरवर बसलाय?

ढोलकीवाल्या रूपालीने तोंडावर ओढणी धरली होती. ही रूपाली मंडळात सगळ्यात लहान. माहेर हिवरखेडचं, सासरचं अंबादेवीजवळ फुलांचं दुकान. हात बरा आहे, जीभ फार चालते.

१५ सप्टेंबर, सोमवार

शुभंकर म्हणतो, आई, मी पॅसिव्हच सांगितलं होतं. मी म्हटलं, त्या दिवशी तुझा आवाज नीट येत नव्हता. दुसरा मागव.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

दुसरा बॉक्स आला. पॅसिव्ह. याला करंट लागत नाही, काही लागत नाही, नुसता बसून काम करतो. आमच्या घरात असे एक आहेतच.

दुपारी रिक्षा करून थेट स्वप्निलच्या गोदामात गेले. पाठीमागे कीबोर्ड घेऊन हे. जोडून दाखव म्हटलं. आधी घर्रर्र. मग मी बटण दाबलं.

शांतता. अशी शांतता मी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकली आहे. एक स्वर दाबला. स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखा.

स्वप्निलचा चेहरा पडला. म्हणाला, आता मी रागिणीताईंले काय सांगू? मी म्हटलं, सांग की मॅडमनी प्रश्न सोडवला. त्याने मान हलवली, पण आनंद दिसला नाही. नापास झालेल्यांचं असंच असतं, उत्तर सापडलं तरी दुसऱ्याचं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अंबादेवीला गेले होते. परतताना रूपालीच्या दुकानावर थांबले. झेंडूचे ढीग, ती सुईदोऱ्यात बुडालेली. मला स्टूल दिलं आणि वेणी ओवता ओवता म्हणते, ताई, अकोल्याले तुमी निवेदन काहून नाही करत? तुमचं बोलणं कसं भारी आहे. एक वाक्य मराठीत, एक इंग्रजीत. लोकं पाह्यतच राह्यतीन. मी विचारलं, आणि कीबोर्ड? ती म्हणाली, त्याले काय, ट्रॅक आहेच ना.

कळलं! रागिणीने हिला पढवून पाठवलं आहे. खरं म्हणजे मी चालत तिच्या दुकानात गेले होते, पण पढवून ठेवलं असणार.

मी उभी राहिले आणि म्हटलं, रूपाली, वाद्य वाजवणारीने दुसऱ्या वाद्याचा असा द्वेष करू नये. ती म्हणाली, बाप्पा! मी काहून द्वेष करू? आणि एक गजरा फुकट दिला. लाच.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

शस्त्रपूजा. हे दर वर्षी कायद्याची पुस्तकं आणि सुरी मांडतात. या वर्षी पाटावर कीबोर्ड, आणि त्याच्या पुढे मानाने तो बॉक्स. हळद, कुंकू, अक्षता, फूल. हे म्हणाले, कुंदा, जरा बेताने, भोकं आहेत त्याला. मी म्हटलं, मूर्तीलाही नाक असतं, आपण काय टिळा चुकवतो का?

फार प्रसन्न वाटलं. कॉन्व्हेंटमध्ये वाढले तरी या गोष्टी मी सोडलेल्या नाहीत.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

किळस, किळस, किळस. स्वतःची नव्हे, लोकांची.

रागिणीकडे रंगीत तालीम. बॉक्स जोडला. घरघर नाही, पण कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. चट्ट, चट्ट, फट्ट. स्वप्निलने पिन काढली तर ती लाल. तो म्हणाला, मॅडम, याच्यात कुंकू कोनं भरलं?

मग रूपाली. ताई, ओवाळलं ते ठीक हाय, पण त्याच्या नाकातोंडात काहून टाकलं?

सगळ्या हसल्या. रागिणी तर भिंतीला टेकून हसली. डोळे पुसून म्हणाली, कुंदाताई, प्रत्यक्ष देवीनेच कौल दिला, आता ट्रॅकच. आणि पर्समधून पेनड्राइव्ह काढला. तयारच होता! पेनड्राइव्ह तयार होता!

मी एक शब्द बोलले नाही. (म्हणजे ‘निर्लज्ज’ एवढा एकच.)

४ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांनी मदत केली, हे नोंदवायला हवं. कानातलं मशीन साफ करायचा त्यांचा इवलासा ब्रश असतो, तो आणि स्पिरिट. दोघं सकाळभर जेवणाच्या टेबलावर. कुंकू निघालं, दोन अक्षताही निघाल्या. मध्येच हे म्हणाले, कुंदा, तुला हे इतकं का हवंय? मी म्हटलं, शाळेत होते तेव्हा वर्षातून एकदा चॅपलमध्ये वाजवायला मिळायचं, लग्नानंतर चाळीस वर्षं घर आणि कॉलेज. आता कुठे स्टेज मिळालंय, आणि लॅपटॉप येऊन माझ्या खुर्चीत बसणार?

हे ब्रश फुंकून परत घासायला लागले.

५ ऑक्टोबर, रविवार

बॉक्स ठणठणीत. रागिणीच्या घरी जाऊन दाखवून आले. ती म्हणाली, बरं. पेनड्राइव्हबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

विजय.

१२ ऑक्टोबर, रविवार. अकोल्याहून परतल्यावर.

पूर्ण यश. शांतपणे, क्रमाने लिहिते.

सकाळी भाड्याच्या गाडीने निघालो. वाटेत मूर्तिजापूरला चहा. बॉक्स मांडीवर. स्वप्निल बरोबर नव्हता, कारण सभागृहाचा स्वतःचा साऊंडवाला आहे. मोठा गृहस्थ, मिशीवाला. रागिणी गेल्या गेल्या त्याच्या कानाशी लागली, पण मी मिक्सरपाशी जाऊन उभी राहिले तशी तिला अचानक पाणी प्यावंसं वाटलं. मी त्याला बॉक्स दाखवला, ग्राउंड लिफ्ट समजावलं. तो उठून उभाच राहिला. म्हणाला, मॅडम, पंचवीस वर्सांत सोताचा डीआय घेऊन येणारी पार्टी पयल्यांदा पाह्यली, तुमाले असा आवाज देतो की मागच्या रांगेतला माणूस उठून बसला पाह्यजे.

आणि दिला. काय तो आवाज! स्टेजवर मलाच दचकायला झालं. पहिल्या गाण्यालाच लोक माना वळवून माझ्याकडे बघायला लागले. रागिणीही बघत होती. रूपालीही. सगळं सभागृह बघत होतं.

दुसऱ्या गाण्याला मात्र कमाल झाली. रागिणी शेवटची ओळ नेहमीप्रमाणे ताणत बसली होती. मी माझे ठोके मोजून गाणं वेळेवर संपवलं, समारोपाचा मोठा कॉर्ड दिला, दोन्ही हातांनी. टाळ्यांचा कडकडाट! आणि रागिणी अजून गातेच आहे! टाळ्या थांबल्या, लोक ओशाळले, ती कशीबशी शेवटापर्यंत पोचली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. तिसऱ्या गाण्यालाही तेच. चौथ्याला ती घाईने गायला लागली, श्वास पुरेना. मध्यंतरानंतर तिने मी वाजवायची चार गाणी कापली. घसा बसला म्हणाली. साहजिक आहे, सवय नाही शिस्तीची.

आयोजक माझ्यापाशी येऊन म्हणाले, ताई, तुमचा एकेक सूर स्वच्छ ऐकू आला हो, अगदी एकेक. डोळे बारीक करून म्हणाले. भारावले असावेत.

परतताना गाडीत सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. मत्सराला वास असतो. गाडीच्या काचा बंद होत्या.

संकल्प: पुढच्या कार्यक्रमात दोन कीबोर्ड.

१३ ऑक्टोबर, सोमवार

अकोल्याच्या लोकांनी व्हिडिओ पाठवला. चहा घेऊन पाहायला बसले.

चहा गार झाला.

कॅमेऱ्याच्या माइकमध्ये काहीतरी दोष आहे. रागिणी एका गाण्यात आहे आणि कीबोर्ड दुसऱ्या घाईत. ती थांबते तिथे कीबोर्ड थांबत नाही. ती वळते तिथे तो सरळ जातो, चर्चच्या ऑर्गनसारखा, भुंग भुंग करत. मग तो कॉर्ड. मग त्या टाळ्या. मग एकटीच गाणारी रागिणी आणि तिचा चेहरा.

रूपालीला फोन केला. म्हटलं, व्हिडिओमध्ये आवाज पुढे-मागे झालाय, तुलाही तसंच दिसतंय का? ती आधी फुलांचा भाव सांगत बसली. मी म्हटलं, रूपाली, सरळ बोल. मग ती सरळ बोलली. तिला तेवढंच येतं.

म्हणाली, ताई, राग नका मानू. घरघर होती तेच बरं होतं. मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, तुमी अकोल्याले पोचून जाता अन आमी अजून मूर्तिजापुरातच राह्यतो. दरसाल असंच. मी म्हटलं, मग इतकी वर्षं कुणी तक्रार कशी केली नाही? प्रेक्षकांना कळलं कसं नाही? ती पुन्हा फुलांच्या भावावर गेली. मी म्हटलं, स्वप्निल चॅनल जरासं खाली करायचा, तरी ऐकू जातच असेल ना? तेव्हा म्हणाली, खाली नव्हतं ताई. बंदच होतं. पयल्या दिवसापासून. घरघर असो नसो. तुमाले सांगाची कोनाची हिंमत होती? तुमी आमाले निर्लज्ज म्हणता.

मी फोन ठेवला.

खोटं बोलतेय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

व्हिडिओ पुन्हा पाहिला. पट्टीने टेबलावर ठोके मोजत पाहिला. माझे ठोके बरोबर आहेत. शंभर टक्के बरोबर.

गाणं रागिणीचं आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. कीबोर्ड कपाटावर. हे रोज विचारतात, आज रियाज नाही? मी म्हणते, पाठ दुखते. काल कानात मशीन घालून शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, वाजव की थोडं. मला रडू आलं. डासांच्या औषधाचा धूर होता.

२ नोव्हेंबर, रविवार

रागिणीचा फोन. साखर नव्हती, हेच चांगलं लक्षण. अकोल्याच्या दुसऱ्या संस्थेचं बोलावणं आहे, पुढच्या रविवारी. ट्रॅक ठरलाय. पण काल तालमीला लॅपटॉप मिक्सरला जोडला तर घर्रर्र. चार्जर लावला की घरघर, काढला की बॅटरी संपते. स्वप्निलने हात टेकले. रागिणी म्हणाली, कुंदाताई, तुमचे ते डबे द्याल का?

शरम नाही! माझ्या खुर्चीत ज्याला बसवलं त्याच्यासाठी माझेच डबे मागते!

म्हटलं, डबे मिळणार नाहीत. ती म्हणाली, बरं. तो ‘बरं’ मला ओळखीचा वाटला नाही. थकलेला होता.

मी म्हटलं, डबे मी कुणाच्या हातात देत नाही. मी स्वतः घेऊन येईन.

९ नोव्हेंबर, रविवार. अकोला.

लॅपटॉपचा डावा आवाज एका बॉक्समध्ये, उजवा दुसऱ्यात. ॲक्टिव्हच्या खाली झाकण निघालं, त्यात बॅटरी बसते. हे आधी पाहायला हवं होतं. कंपनीने मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. इथला साऊंडवाला निराळा, अर्धवट. त्याला मी बाजूला बसायला सांगितलं. दोन्ही बटणं दाबली. घरघर गेली.

रागिणीने स्टेजवरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने सुरू केलं.

चांगलं गायली. हे लिहायला लागतंय याचा मला वैताग आहे, पण चांगलं गायली. ट्रॅकमध्ये तिच्या ओळी ताणायला जागा ठेवलेली आहे. टाळ्या बरोबर जागी पडल्या. मी मिक्सरपाशी स्टुलावर बसून होते, पाठीला टेका नाही. माझं नाव निवेदनात नव्हतं. शेवटी आभारात होतं, चहावाल्यांच्या नंतर.

मी वायरी गुंडाळत होते तेव्हा एक बाई आल्या. जरीची साडी, बरोबर सून. मला वाटलं सही हवी आहे. त्या म्हणाल्या, ताई, साऊंड तुमचंच काय? आमच्या नातवाची मुंज आहे, तुमी काय घेता?

मी पाठ सरळ केली. मी कोण आहे, कुठे शिकले, किती वर्षं शिकवलं, हे सगळं सांगायला तोंड उघडलं.

आणि विचारलं, स्टेजपासून मिक्सरपर्यंत वायर किती लांब पडेल?